किक ड्रमसाठी (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) एकच माइक घ्यायचाय, कोणता घेऊ?

रियाजखोली · शुक्रवार, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी,

पुण्यात आमचा चौघांचा बँड आहे. गाणी मराठी आणि स्वतःचीच. आतापर्यंत डेमोसाठी ड्रम्स प्रोग्रॅम करून भागवलं, पण पाच गाणी आता खऱ्या ड्रम्सवर रेकॉर्ड करायचं ठरलंय. खोली घरचीच आहे, १४ बाय १२ फूट, छत ९ फुटांवर. एका भिंतीला पुस्तकांचं कपाट, खाली जाड सतरंजी, दोन कोपऱ्यांत रॉकवूलचे पॅनेल. इंटरफेसला (माइक कंप्युटरला जोडायची पेटी) चारच माइक लागतात. दोन कंडेन्सर माइक ड्रम्सच्या वर, एक शुअर एसएम५७ माइक स्नेअर ड्रमला, आणि चौथी जागा किकची.

किक २२ इंची, १८ इंच खोल. पुढच्या हेडला (ताणलेल्या पडद्याला) भोक नाही, आत काही भरलेलंही नाही. आमच्या ड्रमरला हाच मोकळा आवाज हवा असतो, आणि पाचपैकी तीन गाण्यांना तो शोभतोही.

सध्या मित्राचा दुसरा एसएम५७ किकपुढे लावून पाहिला. पुठ्ठ्याच्या रिकाम्या खोक्यावर थाप मारल्यासारखा आवाज येतो. ३००-४०० हर्ट्झला फुगवटा, खाली काहीच नाही. इक्यूने (सूरपट्टे कमी-जास्त करायची सोय) खालचं वाढवलं तर नुसती गुरगुर वाढते.

बजेट २५ हजारांच्या आत. एकेजी डी११२, शुअर बीटा ५२ए आणि ऑडिक्स डी६ या तीन नावांशी सगळी चर्चा येऊन थांबते. ज्यांनी हे हाताळलेत त्यांनी सांगावं, आणि का तेही सांगावं.


डबलपेडल · शुक्रवार, रात्री १०:१५

डी६. डोळे झाकून घ्या.

मी मेटल वाजवतो, नाशिकला. किकच्या आत बीटरपासून (पेडलचा हेडवर आपटणारा गोळा) तीन-चार इंचांवर डी६ ठेवला की इक्यूला हातच लावावा लागत नाही. खाली ६० हर्ट्झच्या आसपास दणका, वर ५ हजारांपुढे बीटरची टिकटिक, आणि मधला चिखल माइकनेच काढून टाकलेला. १८० बीपीएमला सोळावे वाजवताना प्रत्येक ठोका वेगळा ऐकू आला नाही तर त्या वाजवण्याला काय अर्थ?


अंतर्नाद · शुक्रवार, रात्री १०:३१

वाचतोय. मी बेस वाजवतो, किकचा आवाज ठरल्याशिवाय माझाही ठरत नाही. त्यामुळे या धाग्यात जीव गुंतलाय.


मडगावकर · शुक्रवार, रात्री ११:०८

मी गोव्यात लाइव्ह साउंड करतो. फेस्ताचे कार्यक्रम, लग्नं, तियात्र. माझ्या पेटीत बीटा ५२ए आहे आणि तोच राहणार. सुपरकार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचाच आवाज घेणारा, असल्यामुळे बाजूचे मॉनिटर (स्टेजवरचे स्पीकर) कमी उचलतो, १७४ डेसिबलपर्यंत दाब सहन करतो, आणि स्टँडचा सांधा अंगातच असल्यामुळे भोकातून आत सरकवून हवा तसा वळवता येतो. ४ हजार हर्ट्झच्या आसपास त्याला उभार आहे, त्यामुळे मैदानाच्या टोकालाही बीटर लागलेला कळतो.

पण भोक नसलेल्या किकला मी स्टेजवर तो लावत नाही. लांबून लावला की बेस गिटारचा ॲम्प आणि फ्लोअर टॉम दोन्ही त्यात शिरतात. तुमच्या खोलीत मॉनिटर नाहीत, ही मोठी सोय आहे. तुम्हाला सुपरकार्डिऑइडची तेवढी गरज नाही.


खर्ज · शनिवार, सकाळी ७:४०

रियाजखोली, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच दुसऱ्या परिच्छेदात आहे: पुढच्या हेडला भोक नाही. वर ज्या माइकांची तारीफ झाली ती बहुतेक भोकातून आत घातलेल्या माइकची तारीफ आहे. तोच माइक बाहेर ठेवला की वेगळा वागतो.

थोडं मागे जाऊन सांगतो. मुंबईत रेकॉर्डिंगच्या धंद्यात आयुष्य गेलं, त्यामुळे या विषयावर मला लांबण लागते, सांभाळून घ्या.

किकचा आवाज तीन गोष्टींचा बनतो. बीटर हेडवर आपटतो तो ठोका, साधारण २ ते ५ हजार हर्ट्झ. मग ड्रमचं पोट, म्हणजे ५० ते १०० हर्ट्झचा तो भरीव भाग. आणि या दोघांच्या मधे २०० ते ५०० हर्ट्झचा लाकडाचा, कवचाचा आवाज. रॉक आणि पॉपमध्ये हा तिसरा भाग बहुतेकांना नको असतो. जॅझवाल्यांना नेमका तोच हवा असतो, कारण त्यांच्या १८ इंची किकचा सूर तिथेच कळतो.

आता माइककडे या. डी६, ५२ए, डी११२ हे तिन्ही सरळ रेषेचे माइक नाहीत. किक कसा वाजावा याबद्दलचं मत बनवणाऱ्याने त्यांच्यात आधीच भरलेलं आहे. डी६चं मत सगळ्यांत ठाम: मधलं नकोच. ५२ए त्याच्यापेक्षा मवाळ. डी११२ मधलं बऱ्यापैकी राखतो आणि वरच्या बाजूला, ठोक्याच्या जागी, उभार देतो. म्हणून माइक निवडताना चांगला कोण हे विचारू नका. कोणाचं मत तुमच्या गाण्याशी जुळतं ते पाहा.

ज्यांनी मत भरलेलं नाही असेही माइक आहेत, आणि माझा जीव त्यांच्यावर आहे. इलेक्ट्रो-व्हॉइसचा आरई२० हा १९६८चा, रेडिओवाल्यांचा लाडका. साधारण कार्डिऑइड (समोरचा आवाज जास्त घेणारा) माइक उगमाच्या जवळ नेला की त्याचा खर्ज फुगतो. आरई२०च्या अंगावर बाजूने ज्या फटी दिसतात त्यांनी तो फुगवटा जवळजवळ नाहीसा होतो. त्यामुळे तो किकला कितीही चिकटवा, जेवढा खर्ज ड्रममध्ये आहे तेवढाच देतो. सेनहायझरचा एमडी४२१, १९६० पासूनचा, किकच्या लाकडाचा आवाज फार सुरेख पकडतो. त्याच्या मागे खर्ज कापायचं फिरतं कडं आहे. कोणी बोलण्याच्या कामाला माइक नेला असेल तर ते वळवलेलं असतं, किकला लावताना आधी ते पाहून घ्या. बायरडायनॅमिकचा एम८८ गायकांचा माइक म्हणून गाजला, पण आत, हेडच्या जवळ, त्याच्यासारखा गोल खर्ज क्वचितच मिळतो. हे तिन्ही तुमच्या बजेटबाहेर जातील. तरी सांगितले, कारण कधी भाड्याने मिळाले तर सोडू नका.

किकजवळ माइक नेण्याची ही पद्धतही तशी अलीकडची. १९६६ साली लंडनच्या ईएमआय स्टुडिओत, म्हणजे आजच्या ॲबी रोडला, जेफ एमरिकने बीटल्सच्या रिंगोच्या किकमध्ये लोकरी स्वेटर कोंबला आणि एकेजीचा डी२० अगदी पुढ्यात आणला. हवेच्या दाबाने माइक खराब होतो म्हणून त्याला दूर ठेवायचा, असा त्या स्टुडिओचा दंडक होता. आज आपण ज्याला किकचा नेहमीचा आवाज समजतो, तो दाबलेला, जवळचा, घट्ट आवाज रूढ व्हायला तिथून जोर मिळाला. तुमच्या ड्रमरला मात्र त्याच्या आधीचा आवाज हवाय. मोकळा, दोन्ही हेड बोलणारा. त्याला तुम्ही तो द्या, आणि माइक त्या आवाजासाठी निवडा.

माझं मत: डी११२. बाहेर, पुढच्या हेडपासून पाच-सहा इंचांवर, मध्यभागापासून थोडा बाजूला. मध्यावर खर्ज जास्त आणि सूर कमी, कडेकडे सरकाल तसा सूर वाढतो. माइक हातात धरून, हेडफोन कानाला लावून, ड्रमरला संथ ठोके मारायला सांगा आणि इंचाइंचाने फिरवा. तुम्हाला जागा सापडेल.


डबलपेडल · शनिवार, सकाळी ९:१२

खर्जकाका, मान्य की मी आतल्या माइकबद्दल बोलत होतो. पण बाहेर डी११२ लावून ठोका कुठून येणार? नुसतं "बूम" येईल. वेगवान गाणं असेल तर बेसमध्ये विरघळून जाईल.


खर्ज · शनिवार, सकाळी १०:०५

रास्त शंका आहे. ठोका बीटरच्या बाजूच्या हेडवर जन्मतो आणि भोक नसलं की पुढे तो दबूनच येतो. तीन उपाय आहेत.

पहिला बीटरचा. फेल्टच्या जागी लाकडी किंवा कडक प्लॅस्टिकचा बीटर लावा, आणि तो जिथे आपटतो तिथे हेडवर टणक चकती चिकटवा. फरक लगेच कळतो, आणि पैसे जवळपास लागत नाहीत.

दुसरा, बीटरच्या बाजूने पेडलजवळ एक माइक. त्यासाठी तुमचा तो खोक्यासारखा वाजणारा एसएम५७ उत्तम, कारण २०० हर्ट्झखाली तो उतरत जातो आणि तिथे आपल्याला ठोकाच हवा आहे. पण मग पाचवा इनपुट लागेल. शिवाय पेडलची स्प्रिंग करकरत असेल तर तीही रेकॉर्ड होईल, आधी तेल घाला.

तिसरा उपाय वरच्या दोन कंडेन्सरचा. ते नीट लावले तर ठोक्याचा बराच भाग तिथूनच मिळतो.


सांजरंग · शनिवार, दुपारी १:२७

तिसऱ्या उपायात एक अडचण आहे ती मांडते. माझा अभ्यासाचा विषय ध्वनिशास्त्र आहे, त्यामुळे आकड्यांत बोलते.

आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. किकपासून वरचे माइक दीड मीटर लांब असतील तर तोच ठोका तिथे साधारण ४.४ मिलिसेकंद उशिरा पोचतो. आता ११४ हर्ट्झच्या लहरीचं अर्धं आवर्तन तेवढ्याच वेळाचं असतं. म्हणजे किकच्या माइकमध्ये लहर वर जात असताना वरच्या माइकमध्ये तीच खाली जात असेल, आणि दोन्ही एकत्र केले की त्या पट्ट्यात किक पातळ होईल. नेमकी कुठली फ्रीक्वेन्सी खाल्ली जाते ते अंतरावर ठरतं, पण तुमच्यासारख्या ९ फुटी छताच्या खोलीत माइक फार वर जाऊच शकत नाहीत, त्यामुळे हा खड्डा किकच्या पोटाजवळच पडणार.

करून पाहा: मिक्समध्ये वरचे दोन्ही बंद करा आणि पुन्हा चालू करा. चालू केल्यावर किक बारीक झाला तर हेच कारण. मग किक चॅनेलची पोलॅरिटी, म्हणजे लहरीची वर-खाली दिशा, उलटून पाहा, जी बाजू भरीव वाटेल ती ठेवा. आणि वरच्या माइकांवर १०० ते १५० हर्ट्झचा लो कट (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) लावा. झांजांचं काही बिघडत नाही.

खोलीबद्दलही. १४ फुटांच्या लांबीचा पहिला अनुनाद ४० हर्ट्झला येतो, १२ फुटांचा ४७ला, आणि ९ फुटी छताचा साडेबासष्टला. म्हणजे तुमच्या किकचा मूळ सूर जिथे असण्याची शक्यता आहे त्याच परिसरात खोली स्वतः घुमते. जवळ लावलेल्या माइकवर याचा परिणाम कमी होतो. तुमच्या कानांवर मात्र पूर्ण होतो. त्याच खोलीत स्पीकरवर ऐकून किकच्या खर्जाचा निर्णय घेऊ नका. खुर्ची दोन फूट मागे सरकवली तरी किक बदलल्यासारखा वाटेल.


रियाजखोली · शनिवार, दुपारी ३:४०

सांजरंग, आत्ता करून पाहिलं. वरचे माइक बंद केल्यावर किक जाड होतो, चालू केल्यावर पोट गायब. तेही सध्याच्या एसएम५७वरच. पोलॅरिटी उलटल्यावर बराच परत आला. हे कोणी सांगितल्याशिवाय कळलंच नसतं, मनापासून आभार.

बीटर सध्या फेल्टचाच आहे. लाकडी उद्या आणतो.


अंतर्नाद · शनिवार, दुपारी ४:०२

बेसवाल्याचं मागणं नोंदवून ठेवतो. ६० हर्ट्झ किकला दिलात तर ९०-१०० मला द्या, किंवा उलटं करा. दोघांनी एकाच जागेवर बसायचं ठरवलं की कुठलाही माइक वाचवू शकत नाही. आमच्याकडे संथ गाण्यात किक खाली असतो आणि मी वर. ठेका धावता असेल तर मी खाली जातो आणि किक वर घट्ट ठेवतो.


मडगावकर · शनिवार, सायंकाळी ६:५०

भोक पाडायचं नसेल तरी आत माइक ठेवायचा एक मार्ग आहे, कोणी उल्लेख केला नाही म्हणून लिहितो. शुअरचा बीटा ९१ए. चपटा, पाटीसारखा, बाउंड्री कंडेन्सर. पुढचं हेड काढायचं, आत छोट्या उशीवर तो ठेवायचा आणि हेड परत चढवायचं. त्याला स्टँड लागत नाही. फँटम पॉवर, म्हणजे वायरीतूनच माइकला दिली जाणारी वीज, लागते. त्याच्यावर एक बटण असतं, ते ४०० हर्ट्झला ७ डेसिबलचा खड्डा पाडतं, म्हणजे तुमचा तो फुगवटा तिथेच बसतो.

वायर बाहेर काढायची किकच्या कवचाला जे हवेचं छोटं भोक असतं त्यातून. एक्सएलआरचा (माइकच्या वायरीचा तीन पिनांचा) कनेक्टर त्यातून जात नाही, त्यामुळे आधी वायर ओवायची आणि मग बाहेरच्या टोकाला कनेक्टर सोल्डर करायचा. वायर कवचाला घासून वाजू नये म्हणून तिथे रबराचा तुकडा बसवा. माझ्या ओळखीच्या बँडने असाच कायमचा बसवून ठेवलाय, कार्यक्रमाला नुसती वायर जोडायची.

ठोका भरपूर येतो. पोट मात्र ५२ए किंवा डी११२इतकं नाही. म्हणून लाइव्हला दोन्ही लावतात, आत ९१ए आणि भोकाजवळ ५२ए.


खर्ज · शनिवार, रात्री ८:१५

९१ए चांगला आहे, पण यांना एकच माइक घ्यायचाय, आणि मोकळ्या किकच्या आत उशी ठेवली की तो मोकळा राहत नाही. दुसरा माइक घ्यायची वेळ येईल तेव्हा विचार करा.

माइकवर इतकं बोललो, पण हेड कसं ओढलंय ते कोणी विचारलं नाही. रियाजखोली, बीटरच्या बाजूचं हेड आधी पूर्ण सैल करा. मग प्रत्येक खिट्टी बोटाने जिथपर्यंत फिरते तिथपर्यंत आणा. तिथून समोरासमोरच्या जोडीने, चावीने थोडं थोडं, हेडवरच्या सुरकुत्या जाईपर्यंत. सुरकुत्या गेल्यावर पाव फेरा आणखी. तिथे खरा खर्ज असतो. त्यापेक्षा घट्ट केलं की सूर वर चढतो आणि २२ इंची किक टॉमसारखा वाजायला लागतो. पुढचं हेड त्याहून किंचित घट्ट ठेवा, म्हणजे ठोक्यानंतर आवाज थोडा टिकतो.

कडेला आतून पट्टी असलेलं हेड, रेमोचं पॉवरस्ट्रोक ३ किंवा त्या जातीचं, असेल तर वरचा नकोसा झणझणाट आपोआप कमी होतो आणि आत काही भरावं लागत नाही. अजूनही फार घुमत असेल तर पातळ टॉवेलची वळकटी आत, बीटरच्या हेडला खालून जेमतेम टेकेल अशी. टेकेल एवढीच, दाबेल अशी नको.

सगळं झालं की माइक न लावता, ड्रमपुढे दोन फुटांवर बसून ऐका. तिथे जे आवडलं नाही ते कुठलाही माइक आवडून घ्यायला लावणार नाही.


डबलपेडल · शनिवार, रात्री ९:३३

काका, हेडबद्दल शंभर टक्के. आमच्याकडे हेड बदलल्यावर डी६ आणि ५२एमधला वाद निम्मा मिटला होता.

एक विचारायचं होतं. स्पीकर उलटा जोडून माइक म्हणून वापरतात, त्याबद्दल काय मत? बुधवार पेठेत साडेसहा इंची वूफर स्वस्तात मिळतो.


सांजरंग · शनिवार, रात्री १०:१०

चालतं, आणि त्याचं कारणही साधं आहे. डायनॅमिक माइक आणि स्पीकर हे एकच यंत्र, फक्त उलट्या दिशेने वापरलेलं. वूफरचा धन टोक एक्सएलआरच्या २ नंबरच्या पिनला, ऋण ३ला, आणि १ नंबर वायरच्या जाळीला. यामाहाने एनएस१० स्पीकरच्या वूफरवरून लोक हे करत होते ते पाहून सबकिक नावाने तयार वस्तूच विकायला काढली होती.

पण तो नक्की काय देतो ते समजून घ्या. जड शंकूसारख्या पडद्याचा वूफर बीटरच्या ठोक्याइतका चपळ हलूच शकत नाही, त्यामुळे काही शे हर्ट्झच्या वर त्यातून फारसं येत नाही. खाली तो स्वतःच्या अनुनादावर झुलतो, ड्रमने एकदा ढकललं की पुढचे काही हेलकावे त्याचे स्वतःचे. म्हणजे ड्रममध्ये दडलेला खर्ज तो शोधून काढतो असं नाही, त्यात स्वतःचा खर्ज मिसळतो. गाण्याला आवडला तर जरूर वापरा. एकटा मात्र पुरत नाही. सिग्नल बराच मोठा येतो, इंटरफेसचा पॅड (सिग्नल कमी करणारं बटण) चालू ठेवा आणि त्या इनपुटची फँटम पॉवर बंद असल्याची खात्री करा.


रियाजखोली · मंगळवार, रात्री ११:२०

मंडळी, सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ दिलात.

डी११२ आणि ५२ए दोन्ही एका दिवसासाठी भाड्याने आणले. डी६ मिळाला नाही. आधी हेड खर्जकाकांनी सांगितलं तसं ओढून घेतलं. आमच्या ड्रमरने चावी हातात घेतल्यावर दुपार त्यातच गेली, पण त्यानंतर नुसत्या एसएम५७वरही खोक्याचा आवाज निम्म्याने कमी झाला. बीटर लाकडी.

मग दोन्ही माइक शेजारी शेजारी, पुढच्या हेडपासून सहा इंचांवर, मध्यापासून तळहातभर डावीकडे. एकच गाणं, एकच ताल, दोन्ही एकाच वेळी रेकॉर्ड केले आणि नंतर पातळी समान करून हेडफोनवर ऐकले.

५२ए जास्त दाट. पहिल्या ऐकण्यात तोच आवडला. बेस मिसळल्यावर मात्र त्याचं खालचं अंग आणि बेस एकमेकांत मिसळून गेले, ठोका शोधावा लागला. डी११२ एकटा ऐकताना किंचित उघडा वाटतो, पण गाण्यात बसल्यावर प्रत्येक ठोका कळतो आणि त्याच्या मागे पुढच्या हेडचा तो छोटा गोल नाद, जो ड्रमरला हवा होता, शिल्लक राहतो. त्याने डोळे मिटून ऐकलं आणि डी११२वर बोट ठेवलं. कुठला कोणता हे त्याला सांगितलं नव्हतं.

आणखी एक निरीक्षण. माइक मध्यावरून कडेकडे चार इंच सरकवल्यावर जो फरक पडला तो दोन माइकांमधल्या फरकापेक्षा मोठा होता. याचे नमुने बँडमध्ये सगळ्यांना ऐकवले, सगळ्यांचं हेच मत.

डी११२ मार्क २ मागवलाय. त्याला स्टँडचा सांधा अंगातच आहे.

दोन वेगवान गाण्यांसाठी ड्रमरनेच तोडगा काढला. त्याच्याकडे जुनं एक पुढचं हेड पडून होतं, त्याला कडेकडे पाच इंची भोक पाडून घेतलं. ती दोन गाणी त्या हेडवर, माइक भोकातून अर्धा आत. बँडचं हेड तसंच अखंड राहिलं.


डबलपेडल · मंगळवार, रात्री ११:४५

जुन्या हेडची कल्पना झकास. भोकाच्या अगदी तोंडाशी माइक सरळ ठेवू नका, ठोक्यासरशी हवेचा झोत बसतो आणि "फप्" असा आवाज येतो. एकतर पुरता आत, नाहीतर झोतातून तिरका.


अंतर्नाद · बुधवार, सकाळी ८:२०

बेस मिसळून निर्णय घेतलात हे वाचून बरं वाटलं. एकेकटं वाद्य ऐकून माइक ठरवणारेच जास्त भेटतात.


ढोलाची_थाप · बुधवार, दुपारी १२:५५

धागा वाचून विचारायचा मोह आवरत नाही. आमच्या पथकाचे दोन-तीन हात नीट रेकॉर्ड करायचेत. अख्खं पथक नाही, एकच ढोल, नंतर थर चढवायला. थापीच्या बाजूला डी११२ चालेल का? टिपरूच्या बाजूला काय लावावं? मोबाइलवर रेकॉर्ड केलं की टिपरू कानात घुसतो आणि थाप गायब होते.


मडगावकर · बुधवार, दुपारी २:३०

थापीला डी११२ किंवा ५२ए, दोन्ही चालतील. टिपरूला एसएम५७, एक फुटावर, कडेकडे रोखलेला. तिथे कंडेन्सर लावायचा मोह टाळा, टिपरूचा आवाज आधीच टोकदार असतो.


खर्ज · बुधवार, सायंकाळी ५:१८

मडगावकरांशी सहमत. त्यात एक भर घालतो, ती ढोलाला किकपेक्षाही जास्त लागू आहे.

ढोलाच्या दोन्ही पानांवर बाहेरून माइक लावला की दोघांची पोलॅरिटी उलटी येते. तुम्ही थाप मारता तेव्हा थापीचं पान आत जातं, म्हणजे त्या माइकपासून दूर. आतली हवा दाबली जाऊन पलीकडचं पान बाहेर येतं, म्हणजे त्या माइककडे. एकात लहर खाली सुरू होते, दुसऱ्यात वर. दोन्ही एकत्र केले की खर्ज एकमेकांना खातात आणि नुसता टिपरू उरतो. मोबाइलवर जे होतं त्याचं कारण वेगळं, त्याच्या इवल्या माइकला खर्ज पेलत नाही. पण चांगले माइक लावूनही पोलॅरिटी पाहिली नाही तर ऐकायला जवळपास तेच मिळेल.

म्हणून रेकॉर्ड करायच्या आधी एकच थाप घ्या, सॉफ्टवेअरमध्ये लहर मोठी करून पाहा आणि सुरुवातीची हालचाल दोन्ही ट्रॅकवर एकाच दिशेने होईल अशी एका चॅनेलची पोलॅरिटी उलटा. थापीचा माइक पानापासून आठ-दहा इंच ठेवा, हात मागे जाताना माइकला लागणार नाही इतका. ढोल कमरेला बांधून वाजवू नका, वाजवणारा हलला की माइकचं अंतर बदलतं. स्टँडवर किंवा बाकावर आडवा ठेवा, खाली जाड घोंगडी. आणि नदीपात्रात सरावाच्या जागी प्रयोग करायचा असेल तर पहाटे जा, वारा पडलेला असतो. दोन्ही माइकांना फोमची टोपी मात्र घालाच.